पॉलिशकाका आणि गरम करून ठेवलेलं इंजिन

गिऱ्हाईक येणार असलं की पॉलिशकाका गाडी आधीच सुरू करून ठेवायचे. थंड इंजिन खरं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. उभी राहून गारठलेली जुनी गाडी पहिल्या चावीला खोकते, थरथरते, मागून निळा धूर सोडते आणि गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकतं. तीच गाडी आधी एक चक्कर मारून आणली की इतकी शहाण्यासारखी सुरू होते की वाटावं, हिला आयुष्यात कधी सर्दीसुद्धा झाली नसेल. मग काका टपावर तळहात ठेवायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि म्हणायचे, "ऐका साहेब. काही ऐकू येतंय? नाही ना? तेच तर!"

बॉनेट गरम लागलं म्हणून कुणी भुवया उंचावल्या तर उत्तर तयार असायचं. "उन्हात उभी होती ना. तुम्ही उभे राहा, तुम्हीही तापाल."

हे "तेच तर!" मला त्यांच्याहून बरं जमतं. मी त्यांची पुतणी, त्यांच्याच घरात राहते, पण काका मला पोपट म्हणतात. "ए पोपट, काकूचं भांडण करून दाखव." काकूचं भांडण सोपं नाही. ती ग्रंथालयात कामाला आहे. जन्मभर लोकांना गप्प बसवता बसवता तिचा आवाजच तळाशी जाऊन बसलाय. संतापली तरी कुजबुजते. "अहो. मी. ओरडतेय. हं." मी हे केलं की काका मांडीवर थाप मारून हसायचे आणि काकू आतून कुजबुजायची, "ऐकू येतंय मला."

काकांचं जुन्या गाड्यांचं आवार आहे. पत्र्याचं कुंपण, एका कोपऱ्यात टेबलखुर्ची, बाकी सगळीकडे कुणाकुणाच्या वापरून झालेल्या गाड्या. तरुणपणी दुसऱ्याच्या गॅरेजात गाड्यांना पॉलिश करायचे, तेव्हापासून हे नाव चिकटलं, आणि त्यांनीही ते अंगाला लावून घेतलं. केस काळेभोर रंगवलेले, बूट आरशासारखे, शर्टाची इस्त्री बसल्यावरसुद्धा मोडू नये म्हणून बसायचेच कमी. गिऱ्हाइकाला फसवता का, असं मी एकदा तोंडावर विचारलं होतं. म्हणाले, "छे! खोटं एक अक्षर बोलत नाही. खऱ्याला फक्त आंघोळ घालतो."

त्यांना दम लागायला लागला, तेव्हा त्यालाही त्यांनी आंघोळ घातली.

बाजारातून घरी येताना थोडा चढ आहे. त्या चढावर काका थांबायचे आणि रस्त्याकडेच्या एखाद्या गाडीकडे बघत राहायचे. "हिचं मागचं दार बघितलंस? बदललंय. रंगात फरक आहे." आम्ही बघायचो. खरंच फरक असायचा. पुढच्या वळणावर दुसरी गाडी. "हिचे टायर बघ, एकाच बाजूने झिजलेत." पुन्हा आम्ही सगळे वाकून टायर बघायचो. मला वाटायचं, काय दांडगी नजर आहे यांची! मग एकदा त्या वळणावर गाडीच नव्हती. काका थांबले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि शेवटी कुणाच्या तरी फाटकाला टेकवलेल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलकडे निरखून बघायला लागले. "बेअरिंग गेलंय," म्हणाले. काकूने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघींनी सायकल बघितली.

पाय सुजले तेव्हा बूट नवीन म्हणून चावतायत, असं ठरलं. पोट फुगलं तेव्हा काकूच्या हातच्या जेवणाची तारीफ झाली. शेवटी काकूनेच त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं, मागोमाग मी.

डॉक्टरीणबाई हृदयाच्या. आवाज मऊ, आणि सगळं 'आपण'मध्ये. "आपण आता जरा आडवं होऊ या. आपण मीठ बंद करू या. आपल्या पायांना सूज आहे." काका मला नंतर बाहेर येऊन म्हणाले, "बाईंच्या पायांना तर काही सूज दिसली नाही." सोनोग्राफीसारखी एक तपासणी झाली होती आणि तिच्यात फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब भलताच वाढलेला दिसला होता. तो का वाढलाय, हे बाहेरून कळत नव्हतं.

बाईंनी समोरच्या माणसाचा धंदा विचारून घेतला असावा. म्हणाल्या, "समजा, रस्त्यावर गाड्यांची रांग लागलीय. दोन कारणं असू शकतात. एक, रस्ताच अरुंद झालाय, म्हणजे फुफ्फुसातल्या नसा आखडल्यात. दोन, रस्ता ठीक आहे पण पुढे एक गाडी अडून बसलीय, म्हणजे हृदयाची डावी बाजू कडक झालीय, रक्त आत घेत नाहीय, म्हणून मागे सगळं तुंबलंय. रस्ता अरुंद असेल तर तो रुंद करणारी गोळी आहे. पण पुढे गाडी अडली असेल आणि आपण रस्ता रुंद केला, तर काय होईल?"

"मागच्या सगळ्या तिच्यावर जाऊन आदळतील," काका म्हणाले.

"बरोबर. म्हणून आधी आत जाऊन बघायचं. आपण मानेच्या शिरेतून एक बारीक नळी घालून घेऊ."

"तुम्ही पण घालून घेणार?"

बाई हसल्या. नळी हृदयाच्या उजव्या बाजूतून फुफ्फुसाच्या नसेत जाते, टोकाला इवलासा फुगा असतो. तो फुगवला की मागचा रेटा थांबतो आणि पुढे, डावीकडे, किती तुंबलंय तेवढंच मोजता येतं. काकांना हे फार आवडलं. घरी येऊन त्यांनी ते भाजीवाल्यालाही समजावून सांगितलं.

निघताना बाई म्हणाल्या, "तोपर्यंत आवारात जायचं नाही. गाडी ढकलायची नाही, खाली शिरायचं नाही. आणि पाणी, गोळ्या, सगळं नेहमीसारखं चालू ठेवायचं. रिपोर्ट आला की ठरवू."

काकूने त्या दिवशी आवारातल्या सगळ्या गाड्यांच्या चाव्यांचा जुडगा काढून घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "रिपोर्ट. चांगला. आला. की. परत," ती कुजबुजली. प्रत्येक शब्दामागे एक किल्ली वाजल्यासारखी.

आता पुढे काय झालं ते आम्हाला फार नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगते, कारण ते कळल्याशिवाय बाकीचं काही समजणार नाही. काकांनी 'रिपोर्ट चांगला' एवढंच ऐकलं. दाखवायला काढायची गाडी जशीच्या तशी कोण नेतं? त्यांना अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी एक गोळी चालू होती. ती ते गुपचूप जास्त घ्यायला लागले. सकाळची ठरलेली, मग दुपारी एक, कधी दोन. पाणी प्यायचं जवळजवळ सोडलंच. जीभ कोरडी पडायची तर लवंग चघळायचे. काकू समोर असली की पेला ओठाला लावायचे आणि ती वळली की कुंडीत ओतायचे. त्या दिवसांत त्या कुंडीतलं आमचं वाळकं झाड एवढं फोफावलं की काकूने त्याची दृष्ट काढायचं तेवढं बाकी ठेवलं.

आणि काका दिसायला खरंच बरे झाले. पायाची सूज उतरली, बूट सैल झाले. चढावर एकाच गाडीपाशी थांबले. आम्ही घरात सगळे खूश. "काय पोपट, गाडी कशी वाटतेय?" मी त्यांच्याच आवाजात म्हटलं, "काही ऐकू येतंय? नाही ना? तेच तर!"

तपासणीच्या दिवशी त्यांनी केस नव्याने रंगवले होते. आत नेण्याआधी बाईंनी विचारलं, "गोळ्या नेहमीसारख्याच ना?"

"एकदम नेहमीसारख्या."

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. दार मधूनमधून उघडायचं आणि आतल्या तंत्रज्ञाचा आवाज यायचा. तो माणूस मला दिसला नाही, पण आवाज असा की रेल्वेस्टेशनवर लावावा. "श्वास घ्याऽऽ... सोडाऽऽ... थांबा. हलू नका." बाकावर आम्ही दोघी, शेजारी कुणाचा तरी जावई, पलीकडे एक आजोबा. त्याने "थांबा" म्हटलं की आम्ही सगळेच थांबायचो. एकदा "थांबा" म्हटलं आणि दार बंद झालं. "घ्या" ऐकूच आलं नाही. आम्ही चौघं तसेच डोळे वटारून बसलो. शेवटी आजोबांनी भस्सकन सोडला आणि म्हणाले, "माझी तर तपासणीही नाही हो!"

निकाल आला. डावीकडचा दाब अगदी व्यवस्थित. अडलेली गाडी काही नव्हती. म्हणजे रस्ताच अरुंद. बाईंनी रस्ता रुंद करणारी गोळी लिहून दिली. काकांनी टेबलावर तळहात ठेवला, डोळे अर्धे मिटले. "काही ऐकू आलं नाही ना डावीकडे?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"तेच तर!"

काकूने दवाखान्याच्या पायऱ्यांवरच चाव्या परत दिल्या.

तपासणी झाली, आता तयारीची गरज संपली. काका पुन्हा पोटभर पाणी प्यायला लागले, पाण्याची गोळी ठरलेल्या मापावर आली, आणि नवी गोळी सुरू झाली. पहिले काही दिवस गाल लालसर, स्वारी खुशीत. मग खोकला आला. "गोळी सेट होतेय," काका म्हणाले. "इंजिनचं काम केल्यावर गाडी पहिले काही दिवस कुरकुरतेच." काकूने बाईंना फोन करू म्हटलं तर, "अगं, आत्ताच तर पास झालोय!" ते रात्री पलंग सोडून टीव्हीसमोर खुर्चीतच झोपायला लागले. "सिनेमा बघता बघता डोळा लागला." टीव्ही बंद असायचा. आम्ही बंद टीव्हीकडे बघायचो, त्या तीनचाकी सायकलकडे बघितलं होतं तसंच. कागदावर सगळं बरोबर होतं.

एका दुपारी काकू आणि मी डबा घेऊन आवारात गेलो. खुर्ची रिकामी. हाका मारल्या, उत्तर नाही. काका एका पांढऱ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर होते. सीट अर्धवट मागे केलेली, तोंड उघडं, ओठ वांग्याच्या रंगाचे. दर श्वासाला आतून बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. आम्हाला बघून त्यांनी हात उचलला आणि सीटच्या कडेचा खटका दाखवला. "सीट... बघतोय... किती... मागे जाते..."

काकू ओरडली.

कुजबुजली नाही, ओरडली. कुंपणापलीकडची माणसं धावत आली. तो आवाज मी कधी काढून दाखवला नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

आपत्कालीन विभागात तोंडावर मास्क, हातात सुई, अंगाला चिकटवलेल्या वायरी. छातीच्या फोटोत फुफ्फुसं पाण्याने पांढरी झाली होती. रस्ता रुंद केल्यावर मागच्या सगळ्या गाड्या पुढच्या एकीवर जाऊन आदळल्या तर जे होईल, तेच झालं होतं. पण पुढे तर कुणी अडलेलं नव्हतं! बाई जुने आकडे पुन्हा पुन्हा बघत होत्या. नवी गोळी त्यांनी तिथल्या तिथे बंद केली, पाणी काढायचं इंजेक्शन दिलं. दोन दिवसांनी काकांना बोलता यायला लागलं, तेव्हा त्या खाटेशेजारी येऊन बसल्या.

"एक विचारते. मागच्या तपासणीआधी पाण्याची गोळी नेहमीएवढीच घेत होतात ना?"

काकांनी मास्क जरासा उचलला. "थोडी... तयारी केली होती."

"कसली तयारी?"

"दाखवायला न्यायचं म्हटल्यावर..."

बाईंना कळेना. काकूला कळलं. ती उभी होती ती स्टुलावर बसली.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही इंजिन गरम करून नेलंत?"

काकांनी मास्क पुन्हा नाकावर ठेवला आणि डोळे मिटले. मग काकूनेच बाईंना सगळं समजावून सांगितलं. थंड इंजिन, निळा धूर, उन्हात तापलेलं बॉनेट. बाई ऐकत राहिल्या. अंगातलं पाणी इतकं काढून टाकल्यावर डावीकडे तुंबायला काही उरलंच नसणार. "म्हणजे आपण जे मोजलं ते..."

"तयार केलेली गाडी होती," मास्कच्या आतून आवाज आला.

मला हसू आलं. अगदी खरंखुरं, नको तिथे येतं तसं.

तपासणी पुन्हा करायची ठरली. या खेपेला नळी आत असतानाच शिरेतून सलाईन भराभर सोडायचं आणि डावी बाजू ते पेलते का ते बघायचं. बाई म्हणाल्या, "या वेळी जसे आहात तसे या."

"मी आहे तसा म्हणजे कसा," काका म्हणाले, "हे मलाच आता आठवत नाही हो."

त्या सकाळी त्यांनी केस रंगवायला मागितले नाहीत. मुळाशी पांढरी रेघ उगवलेली, एखाद्या गाडीचा वरचा रंग उडाला की खालचा दिसतो तशी. बूट कोरडे. आत नेण्याआधी अंगावरचं सगळं काढून ठेवायला सांगतात. घड्याळ, अंगठी काकूच्या ओंजळीत आली, आणि उशीखालून चाव्यांचा जुडगा. तो इतके दिवस तिथे होता हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

बाहेर तोच बाक. तोच आवाज. "श्वास घ्याऽऽ... सोडाऽऽ... थांबा." मी नको नको म्हणत असताना माझाही श्वास थांबला. काकूचाही. दार बंद झालं.

नंतर बाईंनी आम्हाला तिघांना एकत्र बसवून सांगितलं. सलाईन आत जायला लागल्याबरोबर डावीकडचा दाब चढत गेला, थांबेचना. हृदयाची डावी बाजू कडक झालीय. वर्षानुवर्षांचं ब्लडप्रेशर, ज्याला काका 'थोडी गरम प्रकृती' म्हणायचे. आणि इतकी वर्षं मागे तुंबून तुंबून फुफ्फुसाच्या नसाही आखडल्यात. गाडीही अडलीय आणि रस्ताही अरुंद झालाय.

"मग रस्त्याची गोळी?" काकूने विचारलं.

"ती द्यायची सोय नाही. काय झालं ते बघितलंत."

"मग गाडीची?"

"एक-दोन गोळ्या वाढवू. थोडा फरक पडेल. पण कडक झालेलं परत मऊ होत नाही. पाण्याची गोळी, मीठ बंद, रोज सकाळी वजन. एकदम वाढलं की फोन करायचा."

"आणि आवार?" हे काकांनी विचारलं.

बाईंचं ते 'आपण' कुठेतरी गळून पडलं होतं. "तुम्हाला आता ते काम झेपणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही खरं सांगितलं असतंत तरी आजार हाच निघाला असता. फक्त तो मधला त्रास वाचला असता."

"तो तरी वाचला असता," काका म्हणाले. सौदा करण्यासारखं समोर काहीच नव्हतं.

काही दिवसांनी घरी सोडलं. चाकाची खुर्ची त्यांनी नको म्हटली, आणि काकूनेही हट्ट केला नाही. वॉर्डपासून बाहेरच्या दारापर्यंत एक लांबलचक बोळ आहे. दोन्ही बाजूंना फिकट हिरव्या भिंती. ना खिडकी, ना तक्ता, ना घड्याळ. आम्ही निघालो. मी एका बाजूला, काकू दुसऱ्या बाजूला, तिच्या पर्समध्ये चाव्या, त्या पावलागणिक वाजत होत्या. काकांनी चाव्यांकडे कान दिला असावा, कारण ती म्हणाली, "माझ्याकडे आहेत हं."

"असू दे."

अर्ध्या वाटेवर काका थांबले. सवयीने मान उजवीकडे वळली. भिंत. डावीकडे वळली. भिंत. मीही त्यांच्याबरोबर बघत होते, काहीतरी सापडावं म्हणून. एखादा डाग, उडालेला रंग, चाकाच्या खुर्चीचं कुरकुरणारं चाक, काहीही, ज्याच्याकडे तिघांनी मिळून बघता येईल. त्या भिंतीवर बघण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं.

"दम लागलाय," काका म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा. साधे दोन शब्द, आंघोळ न घातलेले. काकूने त्यांचा दंड धरला. मी काय धरावं ते मला कळेना, म्हणून मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पोपट," ते श्वासांच्या मधूनमधून म्हणाले, "बोल ना... काहीतरी. त्या... श्वासवाल्याचं कर."

मी तोंड उघडलं. "श्वास घ्याऽऽ," मी म्हटलं, अगदी हुबेहूब, स्टेशनवर लावण्यासारखं. "सोडाऽऽ." पुढचा शब्द मला माहीत होता. तो मी म्हटला नाही. पुन्हा म्हटलं, "घ्याऽऽ... सोडाऽऽ." काका माझ्या आवाजाबरोबर घेत होते आणि सोडत होते, आणि समोरून येणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.